हद्द कोठे आखायची? सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरील खुणा आणि मोजमापे

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांनी लेथवर किंवा तपासणीच्या टेबलाशी काही वर्षे काढली आहेत, त्यांना व्हर्नियर हातात घेतल्यावर आधी काय करायचे हे सांगावे लागत नाही. जबडे मिटून शून्याला शून्य जुळते का ते पाहायचे, लीस्ट काउंट (मोजता येणारे सर्वांत लहान माप) किती आहे ते ध्यानात ठेवायचे आणि मगच कास्टिंगला हात लावायचा, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. पण हीच मंडळी मेटॅलर्जी लॅबमधल्या संगणकासमोर बसली, सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रावर माउसने एक रेघ ओढली आणि शेजारच्या तक्त्यात ‘३१.२७४’ असा आकडा उमटला, की तो निमूटपणे अहवालात उतरवला जातो. यंत्राने दिलेला आणि दशांश चिन्हापुढे तीन अंक असलेला आकडा चुकेल कसा, अशी आपली समजूत असते. वास्तविक त्या आकड्यात यंत्राचा वाटा थोडा असतो आणि रेघ ओढणाऱ्याच्या निर्णयांचा वाटा बराच मोठा असतो. ते निर्णय कोणते आणि ते कोठे लपलेले असतात, हे येथे पाहायचे आहे.

संगणकाच्या दृष्टीने कृष्णधवल चित्र म्हणजे आकड्यांनी भरलेल्या चौकटींचा एक तक्ता असतो. त्यातली एकेक चौकट म्हणजे एक पिक्सेल. साध्या ८ बिटांच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलमध्ये ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा आणि मधल्या सगळ्या राखाडी छटा. १६ बिटांच्या चित्रात हीच पट्टी ० पासून ६५,५३५ पर्यंत लांबते, तर रंगीत चित्रात लाल, हिरवा आणि निळा असे तीन तक्ते एकावर एक रचलेले असतात. याखेरीज सॉफ्टवेअरला काही ठाऊक नसते. समोर तांदळाचा दाणा आहे, बिडातले ग्रॅफाइट आहे की शरीरातली पेशी आहे, हे त्याला कळत नाही; एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, हेही कळत नाही. या दोन्ही गोष्टी आपण सांगायच्या असतात. ‘ही वस्तू इथून इथपर्यंत आहे’ असे सांगणे म्हणजे खूण करणे आणि ‘एवढे पिक्सेल म्हणजे एवढी लांबी’ असे सांगणे म्हणजे कॅलिब्रेशन.

या कामासाठी फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे इमेजजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबंड यांनी ते १९९७ साली तयार केले. त्याआधी १९८७ पासून ते मॅकिंटॉश संगणकांसाठी अशाच एका प्रोग्रॅमवर काम करत होते. इमेजजे पूर्णपणे फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालते आणि त्याला अनेक जोडण्या लावून केलेली ‘फिजी’ नावाची आवृत्तीही तशीच फुकट मिळते. सूक्ष्मदर्शकासोबत विकत मिळणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरची बटणे वेगळी असतात, परंतु आतली रीत हीच असते. म्हणून पुढील उदाहरणे इमेजजेच्या भाषेत दिली आहेत.

पहिले उदाहरण सूक्ष्मदर्शकाशिवाय घेऊ. खानापूर तालुक्यातील तांदूळ बेळगावच्या बाजारात येतो आणि दाणा लांब व सडपातळ आहे की जाड, यावर त्याची किंमत ठरते. दाण्याच्या लांबीला रुंदीने भागून येणारे गुणोत्तर ३ च्या वर असेल तर दाणा सडपातळ, अशी एक सर्वमान्य कसोटी आहे. मूठभर दाणे एकमेकांना न चिकटता घरच्या साध्या स्कॅनरच्या काचेवर पसरले, वर काळा कागद ठेवला आणि ३०० डीपीआयवर स्कॅन केले, तर एका इंचात ३०० पिक्सेल बसतात. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक पिक्सेल ०.०८४७ मिलिमीटरचा झाला. हा त्या मोजमापाचा लीस्ट काउंट. आता ६.२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद दाणा घ्या. त्याचे खरे गुणोत्तर ३.१ आहे. दाण्याची कड ठरवताना आपण चारही बाजूंना एकेक पिक्सेल जास्त घेतला, तर लांबी सुमारे ६.३७ आणि रुंदी २.१७ भरते, गुणोत्तर २.९४ होते आणि सडपातळ दाणा जाड्याच्या रांगेत जाऊन बसतो. हीच चूक १२०० डीपीआयच्या स्कॅनवर केली तर गुणोत्तर ३.०६ येते आणि दाणा आपल्या जागी राहतो. चूक करणारा हात तोच, दाणाही तोच. फरक फक्त पिक्सेलच्या आकाराचा. स्कॅन करताना काचेवर एक पारदर्शक फूटपट्टी आडवी आणि एक उभी ठेवावी, म्हणजे डीपीआयचा छापील आकडा दोन्ही दिशांना खरा आहे का तेही पडताळता येते.

सूक्ष्मदर्शकाला डीपीआय नसतो, म्हणून तेथे स्टेज मायक्रोमीटर लागतो. ही काचेची किंवा पॉलिश केलेल्या धातूची एक पट्टी असते, जिच्यावर १ मिलिमीटर लांबीचे १०० समान भाग कोरलेले असतात. म्हणजे दोन रेघांमधले अंतर १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १०एक्स ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडचे, दहापट मोठे दाखवणारे भिंग) लावून या पट्टीचे चित्र घ्यायचे, इमेजजेमध्ये सरळ रेघेचे साधन घेऊन पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत रेघ ओढायची आणि ‘सेट स्केल’मध्ये सांगायचे की ही रेघ १००० मायक्रॉनची आहे. समजा ती १५४० पिक्सेल लांब भरली, तर एक पिक्सेल सुमारे ०.६५ मायक्रॉनचा झाला. रेघ शक्य तितकी लांब घ्यावी, कारण टोकाला एक-दोन पिक्सेलची चूक होणारच आणि ती १५४० पिक्सेलमध्ये विरून जाते, पण १५ पिक्सेलच्या रेघेत तिने सगळे माप बिघडते. खुणांच्या कडेपासून कडेपर्यंत न मोजता मध्यापासून मध्यापर्यंत मोजावे. हे प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळे करायचे आणि कॅमेरा किंवा त्याचा अ‍ॅडॅप्टर बदलला की पुन्हा करायचे.

येथे एका जुन्या सवयीबद्दल सांगणे भाग आहे. आपल्याकडच्या अनेक अहवालांत चित्राखाली ‘१०० पट’ किंवा ‘४०० पट’ असे लिहिलेले असते. ऑब्जेक्टिव्हच्या १० ला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाच्या, १० ने गुणून हा आकडा काढतात. परंतु कॅमेरा बहुधा आयपीसमधून पाहतच नाही आणि चित्र एकदा कागदावर छापले, मोबाइलवर पाहिले किंवा भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवले की त्याचा आकार दर वेळी वेगळा असतो. त्या ‘१०० पटी’ला मग काही अर्थ उरत नाही. चित्रातच एक आडवी पट्टी काढून तिच्यावर ‘१०० मायक्रॉन’ असे लिहिले, तर चित्र कितीही मोठे-लहान केले तरी पट्टीही त्याच प्रमाणात मोठी-लहान होते. गावच्या नकाशावर प्रमाणाची पट्टी असते ती याचसाठी.

कॅलिब्रेशनची ही गोष्ट मी फजिती होऊन शिकलो. एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये एस. जी. आयर्नच्या, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते अशा बिडाच्या, नमुन्यांची चित्रे मोजत होतो. सेट स्केलच्या चौकटीत ‘ग्लोबल’ नावाची एक खूण असते. ती केली की एकदा लावलेले माप त्यानंतर उघडलेल्या सगळ्या चित्रांना लागते. सकाळी १०एक्सचे माप लावून ती खूण मीच केली होती आणि दुपारी ४०एक्सची चित्रे उघडली. ३० मायक्रॉनचे गोळे १२० मायक्रॉनचे दिसू लागले, कारण ४०एक्सवर पिक्सेल ०.१६ मायक्रॉनचा असतो आणि मी तो ०.६५ चा धरून बसलो होतो. तक्ता छापला, सही केली. संध्याकाळी लॅबमधल्या अण्णांनी तो कागद पाहिला आणि विचारले, ‘‘साहेब, एवढं मोठं गोळं ह्या कास्टिंगात कुठनं आलं की हो?’’ त्यांनी संगणकाला हात लावला नव्हता. वर्षानुवर्षे आयपीसला डोळा लावून बसल्यामुळे त्यांना आकार पाठ झाला होता. लांबी चौपट चुकली की क्षेत्रफळ सोळापट चुकते, आणि एका चौरस मिलिमीटरमधल्या गोळ्यांची संख्या सोळावा हिस्सा भरते. तेव्हापासून मी ती खूण करत नाही आणि प्रत्येक चित्राच्या नावात ऑब्जेक्टिव्हचा आकडा लिहितो.

दुसरा सापळा व्हॉट्सअ‍ॅपचा आहे. नमुन्याचा फोटो ग्राहकाला किंवा सल्लागाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे आता सगळीकडे रूढ झाले आहे. साधा फोटो म्हणून पाठवताना अ‍ॅप त्यातले पिक्सेल कमी करते. मूळ चित्र ४००० पिक्सेल रुंद असेल आणि पलीकडे १६०० पिक्सेलचे पोहोचले, तर एक पिक्सेल आता अडीचपट मोठा झाला आहे. पलीकडच्या माणसाने जुने माप लावले की सगळी लांबी अडीचपट कमी भरणार. शिवाय जेपेग पद्धतीत चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे करून त्यातला बारीक तपशील टाकून दिला जातो, आणि हा तपशील नेमका वस्तूंच्या कडेला असतो. म्हणून मोजायचे चित्र टिफ स्वरूपात जपावे आणि पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

पिक्सेल बारीक केले म्हणजे हवा तेवढा तपशील मिळेल असेही नाही. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिले की प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाचे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचा आकडा) यांवर सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ठरते. तरंगलांबीला अ‍ॅपर्चरच्या दुपटीने भागायचे. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉनचा धरला, तर ०.२५ अ‍ॅपर्चरच्या १०एक्स भिंगाखाली सुमारे १.१ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत आणि ०.६५ अ‍ॅपर्चरच्या ४०एक्सखाली ही मर्यादा ०.४२ मायक्रॉनवर येते. कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा घेतला तरी भिंगाने न दाखवलेले त्याला दिसणार नाही. कॅमेरा विकायला येणारे हे सहसा बोलत नाहीत.

आता खुणांकडे वळू. जमीन मोजणीच्या दफ्तरात टिपण नावाचा कागद असतो, त्याच्यावर शेताचा आकार आणि बाजूंची मापे काढलेली असतात. जमीन जमिनीच्या जागी राहते आणि टिपण दफ्तरात राहते. मोजणीदार शेतात चुन्याने आकडे लिहून ठेवत नाही. चित्रावरच्या खुणांचेही तसेच असायला हवे. इमेजजेमध्ये आपण चौकोन, बहुभुज किंवा मोकळ्या हाताने ओढलेली रेघ काढतो, तेव्हा सॉफ्टवेअर फक्त त्या रेघेचे निर्देशक लक्षात ठेवते. खालचे पिक्सेल बदलत नाहीत. अशा रेघांची यादी आरओआय मॅनेजरमध्ये (आरओआय म्हणजे चित्रातला निवडलेला भाग) जमवता येते, प्रत्येकीला नाव देता येते आणि ती वेगळी फाइल म्हणून जपता येते. सहा महिन्यांनी कोणी शंका काढली तर तीच फाइल उघडून कोणत्या गोळ्याभोवती कोणती रेघ ओढली होती ते दाखवता येते. याउलट ‘फ्लॅटन’ केले की बाण, अक्षरे आणि रेघा चित्रातच भाजल्या जातात. त्यांच्याखालचे मूळ पिक्सेल कायमचे जातात. अहवालात लावण्यासाठी असे चित्र लागतेच, पण ते प्रतीवर करावे. मूळ चित्रावर ते एकदा सेव्ह झाले की ‘१०० मायक्रॉन’ या अक्षरांचे पिक्सेलसुद्धा पुढच्या मोजणीत ग्रॅफाइट म्हणून मोजले जाऊ शकतात. हे हास्यास्पद वाटेल, पण घडते.

उजळपणाबाबतही एक गैरसमज आहे. स्क्रीनवरची पट्टी सरकवून चित्र उजळ केले तरी इमेजजेमध्ये पिक्सेलमधले आकडे बदलत नाहीत, केवळ ते दाखवण्याची रीत बदलते. ‘अप्लाय’ दाबले की मात्र ते खरोखर बदलतात. ज्याला ग्रॅफाइटचा काळेपणा किंवा रंगाची तीव्रता मोजायची आहे, त्याने ते बटण विसरलेलेच बरे.

सगळ्यात कठीण प्रश्न वस्तूची हद्द कोठे, हा आहे. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते आणि त्या पापुद्र्यांच्या टोकांशी तडे सुरू होतात. वितळलेल्या धातूत थोडे मॅग्नेशियम घातले की ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात वाढते आणि बीड चिवट होते; हेच एस. जी. आयर्न. मॅग्नेशियमचा परिणाम काही मिनिटांत ओसरत जातो, त्यामुळे लॅडल, म्हणजे वितळलेला धातू नेणारे भांडे, साच्यापर्यंत उशिरा पोहोचली तर गोळे बिघडतात. कोणत्या हीटमधले (एका वेळी वितळवलेल्या धातूतले) गोळे किती चांगले, हे तपासण्यासाठी नमुना पॉलिश करतात आणि नायटल न लावता, म्हणजे न कोरता, त्याचे चित्र घेतात. फिकट पार्श्वभूमीवर काळे गोळे, इतके सोपे चित्र. पण जवळ जाऊन पाहिले तर काळा आणि फिकट यांच्यामध्ये रेघ नसतेच. एका कडेवरून आडवे जाताना पिक्सेलचे आकडे २०५, १७०, ११०, ६०, ४२ असे उतरत जातात. यांतला ग्रॅफाइटचा पहिला पिक्सेल कोणता? उंबरठा, म्हणजे ज्याच्या खालचे सगळे पिक्सेल ग्रॅफाइट मानायचे तो आकडा, १८० वर ठेवला किंवा ८० वर ठेवला, तर हद्द जवळजवळ दोन पिक्सेल सरकते. १९५६ पासून हद्दीचा वाद ऐकत वाढलेल्या या भागातल्या वाचकाला, निकष आधी ठरला नसेल तर रेघेवरचे भांडण मिटत नाही, हे वेगळे सांगायला नको.

हद्द सरकण्याची किंमत किती, ते काढून पाहू. पिक्सेल ०.६५ मायक्रॉनचा असताना ३० मायक्रॉनच्या गोळ्याची कड सगळीकडून एक पिक्सेल बाहेर गेली, तर व्यास ३१.३ होतो आणि क्षेत्रफळ सुमारे ९ टक्के वाढते. १० मायक्रॉनच्या गोळ्याबाबत हीच चूक क्षेत्रफळ जवळजवळ २८ टक्के फुगवते. म्हणजे एकाच चित्रात, एकाच उंबरठ्याने, लहान वस्तूंवर होणारा अन्याय मोठ्यांपेक्षा तिप्पट असतो. लहान गोळे बारकाईने मोजायचे असतील तर मोठे ऑब्जेक्टिव्ह घ्यावे, हा यातून निघणारा व्यवहार.

उंबरठा हाताने ठरवण्याऐवजी सॉफ्टवेअरवर सोपवता येतो. जपानचे नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली दिलेली पद्धत अजूनही सर्रास वापरली जाते. सगळ्या पिक्सेलचे काळे आणि फिकट असे दोन गट पाडायचे, आणि प्रत्येक गटातले आकडे आपापसांत शक्य तितके सारखे राहतील अशा ठिकाणी रेघ मारायची, एवढाच तिचा गाभा. ती माणसाच्या मूडप्रमाणे बदलत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र चित्राचा एक कोपरा दिव्यामुळे काळसर आला असेल, तर ती इमानेइतबारे त्या कोपऱ्यालाही ग्रॅफाइट ठरवते. त्यासाठी रिकाम्या, स्वच्छ पृष्ठभागाचे एक चित्र आधी घेऊन त्याने मूळ चित्राला भागण्याची सोय असते. पॉलिशचे ओरखडे, पाण्याचे डाग आणि उपटून गेलेल्या ग्रॅफाइटचे खड्डे यांवर मात्र गणिती उपाय नाही. नमुना पुन्हा पॉलिश करावा हेच बरे. फार लहान ठिपके वगळण्यासाठी किमान आकाराची अट घालता येते, पण ती किती घातली ते लिहून ठेवले पाहिजे, कारण गोळ्यांची संख्या त्या अटीसरशी बदलते.

गोळा किती गोल आहे, हे मोजण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत आणि वाद बहुतेक वेळा इथेच होतात. इमेजजेच्या तक्त्यात ‘सर्क्युलॅरिटी’ असा एक रकाना असतो: क्षेत्रफळाला ४ गुणिले पाय (π) ने गुणून परिघाच्या वर्गाने भागायचे. पूर्ण वर्तुळाला १ मिळतो, चौरसाला ०.७८५. त्याच तक्त्यात ‘राउंडनेस’ असा दुसरा रकाना असतो. त्यात क्षेत्रफळाची तुलना वस्तूचा लांब अक्ष व्यास मानून काढलेल्या वर्तुळाशी होते. आता ४० मायक्रॉन लांब आणि ३० मायक्रॉन रुंद असा गुळगुळीत लंबगोल घ्या. पहिल्या रीतीने त्याला ०.९७ गुण मिळतात, दुसरीने ०.७५. उलट, एकूण गोल पण कडेने खडबडीत असलेल्या गोळ्याला पहिली रीत नापास करते आणि दुसरी पास करते, कारण खडबडीत कडेने परीघ वाढतो, लांबी वाढत नाही. ग्राहकाने नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्रॅफाइटमधले पुरेशा गोल गोळ्यांचे प्रमाण, ८५ टक्के मागितली आणि फाउंड्रीने ९० दाखवली, पण ग्राहकाच्या लॅबमध्ये ती ७८ भरली, तर दोघांपैकी कोणी खोटे बोलत आहे असे मानण्याआधी दोघांचे रकाने आणि त्यांतल्या मर्यादा एकच आहेत का ते पाहावे. जेमतेम दहा-बारा पिक्सेलच्या ठिपक्याला तर गोलाई विचारूच नये. पिक्सेलच्या पायऱ्यांमुळे त्याचा परीघ भरवशाचा नसतो.

चौकटीच्या कडेवर अर्धवट कापलेल्या गोळ्यांचे काय करायचे? सगळे वगळावेत असे वाटते आणि सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयही आहे. परंतु मोठा गोळा कडेला टेकण्याची शक्यता लहानापेक्षा जास्त असते, म्हणून सरसकट वगळले की सरासरी आकार नकळत घटतो. रक्तपेशी मोजणाऱ्या लॅब टेक्निशियनकडे याचे उत्तर फार पूर्वीपासून आहे: चौकटीच्या वरच्या आणि डाव्या बाजूला टेकलेल्या पेशी मोजायच्या, खालच्या आणि उजव्या बाजूच्या सोडायच्या. संख्या मोजण्यासाठी हीच रीत ग्रॅफाइटलाही चालते.

त्याहून खोल गोष्ट अशी की आपण गोळा मोजतच नाही; आपण गोळ्याचा छेद मोजतो. लिंबांनी भरलेल्या टोपलीतून एकदाच सुरी फिरवली, तर फार थोडी लिंबे नेमकी मध्यावर कापली जातील, बाकीच्यांच्या लहान चकत्या पडतील. सगळे गोळे समान आकाराचे असले तरी छेदांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या ०.७८५ पट भरतो. ४० मायक्रॉनचे गोळे सरासरी ३१ चे दिसतात. मानकांतले आकारांचे वर्ग छेदाच्या चित्रांवरूनच ठरवलेले असल्याने रोजच्या तपासणीत ही दुरुस्ती करावी लागत नाही, पण ‘गोळ्याचा व्यास’ असे लिहिताना आपण काय मोजले याचे भान हवे. सुदैवाने एका बाबतीत छेद दगा देत नाही. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देलेस यांनी १८४७ साली खडकांबाबत दाखवले की छेदावर एखाद्या घटकाने व्यापलेल्या क्षेत्राचे प्रमाण सरासरीने त्याच्या घनफळाच्या प्रमाणाइतकेच असते. चित्रात ग्रॅफाइट ११ टक्के क्षेत्र व्यापत असेल, तर धातूतही ते घनफळाने सुमारे ११ टक्के आहे, मात्र चित्रे पुरेशी आणि निवड न करता घेतलेली हवीत. चांगली दिसणारी जागा शोधून फोटो काढण्याची सवय इथे सगळे गणित फुकट घालवते.

रुग्णालयातल्या पॅथॉलॉजीतही हेच प्रश्न वेगळ्या वेषात येतात. गाठीच्या नमुन्यात विभाजन होत असलेल्या पेशी मोजताना ‘दहा हाय पॉवर फील्डमध्ये (४०एक्सखाली एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळांमध्ये) इतक्या’ असे लिहिण्याचा प्रघात होता. पण आयपीसचा फील्ड नंबर (ज्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागले की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो) २२ असेल तर ४०एक्सखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ०.५५ मिलिमीटर आणि १८ असेल तर ०.४५ मिलिमीटर, दहा फील्डचे क्षेत्र पहिल्या सूक्ष्मदर्शकावर २.३८ चौरस मिलिमीटर आणि दुसऱ्यावर १.५९ भरते. त्याच रुग्णाच्या त्याच काचेवर दीडपट फरक, केवळ आयपीसमुळे. म्हणून आता दर चौरस मिलिमीटरला किती, असे लिहिण्याकडे कल आहे. संपूर्ण काच स्कॅन केलेली असेल तर क्षेत्र नेमके मोजता येते, मात्र चित्र प्रचंड होते: पिक्सेल ०.२५ मायक्रॉनचा धरला तर १५ मिलिमीटरच्या चौरस तुकड्याचे ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल, म्हणजे ३६० कोटी पिक्सेल होतात. अशा चित्रांसाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालेले आणि २०१७ साली शोधनिबंधातून मांडलेले क्युपाथ हे फुकट सॉफ्टवेअर वापरतात. त्यात डॉक्टर आधी गाठीच्या भागाभोवती रेघ ओढतात आणि त्या कुंपणाच्या आतल्या पेशी सॉफ्टवेअर शोधते. कुंपण चुकले तर आतली मोजणी कितीही अचूक असली तरी व्यर्थ, म्हणून ते कुंपण कोणी, केव्हा घातले हे नोंदवणे तेथे आवश्यक मानले जाते.

दोन माणसांनी एकाच वस्तूभोवती ओढलेल्या रेघा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. किती जुळतात, हे मात्र मोजता येते. एकाच्या रेघेत १०० चौरस मायक्रॉन आले, दुसऱ्याच्या ११०, आणि दोघांना समान असलेला भाग ९० असेल, तर समान भागाची दुप्पट भागिले दोघांची बेरीज, म्हणजे १८० भागिले २१०, सुमारे ०.८६. पूर्ण जुळणी म्हणजे १. नव्या मुलाला लॅबमध्ये घेताना हा प्रयोग दहा चित्रांवर करून पाहावा, आणि तोही फाइलींची नावे झाकून, कारण ‘रिजेक्शन’ असे नाव पाहिले की भल्या माणसाचा हातही गोळे जरा वाकडे काढतो. जुन्या माणसाकडूनही तीच चित्रे महिन्याभराने पुन्हा मोजून घ्यावीत. त्याचे स्वतःशीच किती जुळते, ते पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

सरतेशेवटी अहवाल. माझ्या फजितीनंतर त्या लॅबमध्ये ठरले ते असे: मूळ टिफ चित्रे एका फोल्डरमध्ये, ज्यांना कोणी हात लावायचा नाही, आरओआयच्या फाइली आणि तक्ते दुसऱ्यात, आणि इमेजजेच्या रेकॉर्डरने नोंदवलेला मॅक्रो (केलेल्या पायऱ्यांची यादी) तिसऱ्यात, म्हणजे कोणता उंबरठा, कोणती किमान आकाराची अट आणि कोणत्या क्रमाने, हे सगळे पुन्हा तसेच चालवता येते. ‘३१.२७४’ हा आकडा तक्त्यात राहतो. अहवालात ‘छेदांचा सरासरी व्यास ३१ मायक्रॉन’ असे जाते, आणि त्याखाली एका ओळीत ऑब्जेक्टिव्ह, पिक्सेलचा आकार, उंबरठ्याची पद्धत, वगळलेला किमान आकार, चित्रांची संख्या व मोजणाऱ्याची सही. सहीच्या शेजारी अण्णांची दुसरी सही असते. ती ते आयपीसमधून एकदा पाहिल्याशिवाय करत नाहीत.